वसईचा किल्ला: जिंकलेली जागा म्हणून पाहावा की नांदलेले शहर म्हणून?

खाडीपलीकडे (धागालेखक)

वसईच्या किल्ल्यात येणारा बहुतेक मराठी माणूस चिमाजी आप्पांच्या स्मारकाला वंदन करतो, तटावर चढून खाडीची छायाचित्रे काढतो आणि तासाभरात परत फिरतो. वंदन योग्यच आहे. माझा आक्षेप त्या तासाभराला आहे. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, तेव्हापासून १७३९ पर्यंत येथे त्यांची सत्ता होती आणि या तटांच्या आत एक संपूर्ण शहर वाढले. ते आजही झाडीत उभे आहे, पण पाहणाऱ्याची पावले तिकडे वळत नाहीत.

वसईची फेरी सागरी दरवाजापासून सुरू करावी, असे माझे मत आहे. हे बंदर होते आणि बंदरात माणूस समुद्राकडून शिरतो. खिळे ठोकलेल्या त्या दरवाजातून आत आले की शहराची मांडणी आपोआप उलगडू लागते. जवळच संत जोसेफचे प्रमुख चर्च आहे. त्याच्या मनोऱ्यातला गोल जिना चढताना दोन माणसांना एकमेकांना वाट देणे अवघड जाते. पुढे बालेकिल्ला, जेझुइट, डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पंथांच्या इमारती आणि शेवटी जमिनीकडचा दरवाजा असा क्रम लागतो. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत आणि त्यांवरची अक्षरे अजून वाचता येतात, पण त्यांवरून लोक चपला घालून चालतात, कारण त्या काय आहेत हे सांगणारा फलक तेथे माझ्या पाहण्यात आला नाही. वसईच्या परिसरातला दगड जहाजांतून गोव्याला जात असे आणि जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागात तो वापरलेला आहे. येथील सागवानावर गलबते बांधली जात. एवढ्या उलाढालीच्या शहराची ओळख केवळ त्याच्या पाडावाच्या वर्षापुरती उरावी, हे मला खटकते.

गडवाट

आपण वर्णन केलेले शहर नांदत होते हे मान्य, परंतु ते कोणाच्या जिवावर नांदत होते, याविषयी आपल्या लेखात एक वाक्यही नाही. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) स्थापन झाले आणि त्याचा हात उत्तर फिरंगाणापर्यंत, म्हणजे पोर्तुगीजांच्या वसईकडच्या मुलखापर्यंत, पोचत होता. साष्टी आणि वसई भागातील देवळे पाडली गेली, हिंदूंच्या उघड धर्माचरणावर बंधने आली आणि लोकांची गाऱ्हाणी पुण्यापर्यंत गेली. त्यातूनच मराठ्यांची १७३७ ची मोहीम उभी राहिली. ज्या मनोऱ्याच्या जिन्याचे आपण कौतुक करता, त्या मनोऱ्यातील घंटेच्या आवाजात येथील रयतेने काय ऐकले असेल, याचाही विचार व्हावा.

दुसरा मुद्दा असा की वसईचे युद्ध या एका तटापुरते नव्हते, म्हणून नुसते शहर पाहून ते समजत नाही. १७३७ मध्ये ठाणे आणि अर्नाळा घेतले गेले, १७३९ च्या आरंभी केळवे-माहीम, तारापूर, डहाणू हा उत्तरेचा किनारा मोकळा झाला आणि खाडीपलीकडचा धारावीचा किल्ला (मुंबईतली धारावी नव्हे) पडल्यावर वसईचा समुद्रमार्ग आवळता आला. ही साखळी डोळ्यांपुढे आणायची असेल तर वसईआधी वैतरणेच्या मुखावरचा अर्नाळा होडीतून जाऊन पाहावा. मे १७३९ मध्ये बुरुजांखाली सुरुंग पेरले गेले. एक सुरुंग उशिरा उडाला आणि खिंडाराकडे धावलेले आपलेच लोक त्यात सापडले, तरीही सैन्य मागे हटले नाही. हजारो माणसे पडली. त्यांच्यासाठी तासभरसुद्धा कमी आहे, आणि आपण तो तास थडग्यांच्या शिळांना देण्यास सांगता.

खाडीपलीकडे

तो तास काढून घ्यावा असे मी म्हटलेले नाही, पूर्ण दिवस द्यावा असे म्हणतो. सुरुंगाचे महत्त्वही तट किती भक्कम होता आणि आत काय होते, हे ठाऊक असणाऱ्यालाच कळते. देवळे पाडल्याची आणि धर्मन्यायालयाची माहिती फलकांवर आली पाहिजे, यात मला तिळमात्र शंका नाही. शहर दाखवणे म्हणजे राज्यकर्त्यांची आरती ओवाळणे नव्हे.

पाचूबंदरची वाट

मी वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबातला आहे. आपल्या दोघांच्या मांडणीत हा किल्ला आधी पोर्तुगीजांचा आणि मग मराठ्यांचा होतो, आणि त्यानंतर जणू रिकामा पडतो. आम्ही मात्र येथेच आहोत. तटाला लागून किल्लाबंदर आणि पाचूबंदर या कोळी वस्त्या आहेत, तेथे आजही मासळी सुकत असते, आणि तेथील बहुतेक घरे ख्रिस्ती असून मराठीच्या बोली बोलतात. १७३९ च्या तहात फिरंग्यांना मानाने आणि चीजवस्तूंसह बाहेर पडू दिले, आणि जे मागे राहतील त्यांच्या धर्माला हात लावायचा नाही असे ठरले. मागे राहिलेल्यांत आमचे पूर्वज होते. विजयाचा हा भाग सर्वांत मोठा आहे, असे मला वाटते, पण विजयोत्सवाच्या भाषणांत तो मी क्वचितच ऐकला आहे.

धागालेखकांनाही एक विचारतो. या शहराला पोर्तुगीज म्हणताना दगड घडवणारे, चुना मळणारे आणि होड्या वल्हवणारे हात कोणाचे होते? संत गोन्सालो गार्सिया येथलेच. वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक असलेला हा माणूस १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संतपदी पोचला. किल्ल्यातील जेझुइट चर्च आज त्याच्या नावाने ओळखले जाते. पाहुण्यांना त्या वास्तूत विवाहपूर्व छायाचित्रांचा देखावा दिसतो, आम्हाला वेदीची जागा दिसते. गडवाट यांनी घंटेचा उल्लेख केला. वसईच्या मोहिमेत चर्चमधून नेलेल्या घंटांपैकी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घंटा आज नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला आणि मेणवलीच्या घाटावर टांगलेल्या आहेत. मेणवलीची घंटा मी पाहिली आहे, तिच्यावर बाळ येशूसह मरियमची आकृती आहे. त्या परत मागण्याचा विचार माझ्या मनात नाही. त्यांच्याखाली दोन ओळींचा फलक असावा, एवढेच म्हणतो.

चुना आणि वीट

वाद चालू राहो, पण काळ थांबलेला नाही. जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काम केलेल्या माणसाच्या नजरेने सांगतो की या किल्ल्याचे सर्वांत मोठे शत्रू पिंपळ आणि वड आहेत. मुळे चुन्याच्या सांध्यांत शिरतात, पावसाळ्यात फुगतात आणि कमानीचा मुख्य दगड सरकवतात. मूळ न मारता वरची फांदी छाटली तर झाड अधिक जोमाने फुटते, आणि उत्साही स्वयंसेवकांकडून नेमके हेच होते. भेगेत सिमेंट भरणे त्याहून वाईट, कारण सिमेंट ओल कोंडून धरते आणि शेजारचा मूळ चुना भुसभुशीत होतो. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे कोणतेही काम त्यांच्या देखरेखीशिवाय करू नये. चर्चच्या सभागृहात दुचाकी नेणाऱ्यांना अडवणे मात्र आपल्यापैकी कोणालाही आजपासून जमेल.

गडवाट

शेवटच्या प्रतिसादातील सूचना आमच्या मंडळींपर्यंत नक्की पोचवतो. आम्ही श्रमदान करतो, आणि फांद्या छाटण्याऐवजी रीतसर परवानगी घेऊन जाणकारांसोबत काम करणे योग्य ठरेल.

पाचूबंदरच्या मित्रांचे तहाविषयीचे म्हणणे मला पटते. धर्माला हात न लावण्याचे कलम स्मारकाजवळ ठळक अक्षरांत असावे, आणि त्यासाठी मी स्वतः पाठपुरावा करीन. घंटांखालील फलकालाही माझा विरोध नाही, मात्र ती घंटा तेथे का आली हेही त्यावर असले पाहिजे.

धागालेखकांशी माझा मतभेद कायम आहे. सागरी दरवाजाने शिरणारा पाहुणा जहाजातून उतरलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेने वसई पाहू लागतो. मी लोकांना जमिनीकडून आणतो. ज्या अंगाने वेढ्याचे मोर्चे तटाला भिडले, तेथे उभे करून आधी तटाची उंची डोळ्यांनी मोजायला सांगतो आणि मगच आत नेतो.

पाचूबंदरची वाट

दोन्ही दरवाजांनी या, पण मे महिन्याच्या दुपारी येऊ नका. सकाळी लवकर आलात तर किल्लाबंदरच्या धक्क्यावर होड्या लागलेल्या असतील, आणि तेथील म्हाताऱ्या माणसांना तटाच्या प्रत्येक दिंडी-दरवाजाचे स्थानिक नाव ठाऊक आहे. फलक लिहिणाऱ्यांनी आधी त्यांच्यापाशी बसून ती नावे उतरवून घ्यावीत.