नाइस १९ देऊनही दोन्ही प्रोग्रॅमना निम्मा-निम्मा सीपीयू का मिळतो?

प्रश्न:
लिनक्समधील मल्टिटास्किंग समजून घेण्यासाठी मी सी भाषेत कधीच न थांबणारा एक रिकामा लूप लिहिला आणि दोन वेगळ्या टर्मिनलमधून त्याच्या दोन प्रती चालवल्या. दोन्ही एकाच कोअरवर राहाव्यात म्हणून टास्कसेट वापरले आणि एका प्रतीला नाइस १९, म्हणजे सर्वांत खालचा अग्रक्रम दिला. तरीही टॉप या सीपीयूचा वापर दाखवणाऱ्या कमांडमध्ये दोघांपुढे ५० टक्केच दिसतात. माझे कुठे चुकते आहे? शिवाय, जो लूप स्वतःहून सीपीयू सोडतच नाही, त्याच्याकडून तो काढून कोण घेते?

उत्तर १:
आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरते सांगतो. टायमर ठरावीक अंतराने सीपीयूला इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवणारा संकेत, देतो. कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कसा कॉन्फिगर केला आहे त्यानुसार सेकंदाला १००, २५० किंवा १००० वेळा. इंटरप्ट आला की चालू प्रोग्रॅम जिथे असेल तिथे थांबतो आणि ताबा कर्नेलकडे जातो. पाळी बदलायची असे शेड्युलरने, म्हणजे पाळ्या ठरवणाऱ्या कर्नेलच्या भागाने, ठरवले, तर त्या प्रोग्रॅमची रजिस्टरे (सीपीयूमधल्या छोट्या साठवणजागांतली माहिती) जपून ठेवली जातात आणि दुसऱ्याची भरली जातात. लूपला यातले काहीच कळत नाही. विंडोज ३.१ मध्ये मात्र प्रोग्रॅमने आपण होऊन ताबा सोडावा लागे, त्यामुळे असा एकच लूप इतर सगळ्या विंडोज प्रोग्रॅमना अडवून धरत असे.

उत्तर २:
आपले काहीही चुकलेले नाही; हा ऑटोग्रुपचा परिणाम दिसतो. २०११ साली कर्नेल २.६.३८ मध्ये आलेल्या या सोयीमुळे प्रत्येक सेशनचा, म्हणजे व्यवहारात प्रत्येक टर्मिनलचा, एक गट होतो. सीपीयूची वाटणी आधी गटागटांत होते आणि नाइस फक्त गटाच्या आत लागू होतो. आपल्या प्रत्येक गटात एकच प्रोग्रॅम असल्याने नाइसला तुलना करायला कोणी उरतच नाही. माझ्या मते ही माहिती नाइसच्या प्रत्येक धड्यात पहिल्याच पानावर असायला हवी, कारण शिकणारा माणूस प्रयोग नेमका असाच करतो. दोन्ही प्रती एकाच टर्मिनलमधून चालवून पाहा. वाटणी करताना कर्नेल नाइस ० ला, म्हणजे काहीच न दिल्यास मिळणाऱ्या अग्रक्रमाला, १०२४ आणि नाइस १९ ला १५ इतके वजन देतो, त्यामुळे वाटणी साधारण ९८.५ आणि १.५ टक्के अशी दिसायला हवी.

प्रश्नकर्ता:
एकाच टर्मिनलमधून चालवले आणि अगदी तसेच आकडे आले. मनापासून आभार. पण ही सोय मुळात आणली कशासाठी?

उत्तर २:
एका टर्मिनलमध्ये कर्नेल कंपाइल करण्यासाठी वीस-वीस प्रोसेस सुरू असल्या, तरी शेजारच्या खिडकीतला व्हिडिओ अडखळू नये, यासाठी. वीस प्रोसेसना मिळून एका गटाचा वाटा मिळतो आणि व्हिडिओला त्याच्या गटाचा. संपूर्ण गटाचा अग्रक्रम बदलायचा असेल, तर प्रॉक-फाइलसिस्टीममध्ये (/proc) गटातल्या एखाद्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरमधील ऑटोग्रुप (autogroup) फाइलमध्ये नाइसची किंमत लिहावी.