मदत हवी आहे: माइंडफुलनेसचा पाचवा आठवडा, राग तसाच आहे आणि रडू वाढलंय

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी ४१ वर्षांची, राहणार नाशिक. घरी नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. प्रश्न माझ्या रागाचा आहे. ऑफिसात मी शांत म्हणून ओळखली जाते. दिवसभर गिळलेलं सगळं घरी बाहेर पडतं, आणि घरातही एकट्या लेकावर.

जूनमध्ये एकदा त्याचा डबा न खाता परत आला. भेंडीचं तेल पोळ्यांत मुरलेलं, पोळ्या चिवट झालेल्या. मी बोलले काहीच नाही, डबा सिंकमध्ये आपटला. झाकण उडून ओट्याखाली गेलं. मागे वळले तर तो फ्रिजपाशी उभा, खांदे पार कानांपर्यंत वर आलेले. मी त्याच्यावर आजवर हात उचललेला नाही, तरीही खांदे वर. ते खांदे माझ्या ओळखीचे होते. लहानपणी बाबांची स्कूटर फाटकाशी येऊन बंद पडल्याचा आवाज आला की माझेही असेच व्हायचे.

त्या रात्री मी शोधाशोध केली आणि माइंडफुलनेसच्या, म्हणजे आत्ता मनात-शरीरात जे चाललंय त्याकडे लक्ष देण्याच्या सरावाच्या, ८ आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गाला नाव घातलं. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो अभ्यासक्रम सुरू केला, त्याच धर्तीवरचा हा वर्ग आहे. आठवड्यातून एकदा वर्ग, रोज घरी ४५ मिनिटांचा सराव. त्यात मुख्यतः बॉडी स्कॅन, म्हणजे आडवं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागावर लक्ष फिरवत जायचं.

आता पाचवा आठवडा चालू आहे. राग पहिल्याइतकाच येतो. फरक एवढाच की आता तो येताना दिसतो: कानाच्या पाळ्या गरम होतात, दाढा एकमेकींवर दाबल्या जातात. दिसत असूनही मी ओरडतेच, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. पूर्वी ओरडून झालं की मी भांडी घासायला लागायचे, विषय संपायचा. आता संपत नाही.

दुसरं म्हणजे, बॉडी स्कॅनमध्ये खांद्यांपाशी पोचले की ती स्कूटर ऐकू येते आणि छाती धडधडायला लागते. वर्गात हे सांगितलं तर शिकवणाऱ्यांनी 'येऊ द्या, जाऊ द्या' म्हणून पुढच्या माणसाला बोलायला सांगितलं. मला फार एकटं वाटलं.

आणि ज्या आशेवर मी सुरुवात केली तीच आता डळमळली आहे. २०११ चं एक संशोधन मी वाचलं होतं: ८ आठवड्यांच्या सरावानंतर मेंदूच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पससारख्या (आठवणींशी संबंध असलेल्या) भागांत ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतला पेशींचा करडा भाग, वाढलेला दिसला. मी ते धरून बसले होते. मेंदूच बदलला तर मीही बदलेन, असं. गेल्या आठवड्यात कळलं की २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लोकांनी २१८ जणांवर तपासून पाहिलं आणि रचनेत असा काही बदल सापडलाच नाही. तेव्हापासून सरावाला बसते, पण मन लागत नाही.

मग मेंदूत नक्की होतं तरी काय? माझं हे रडणं म्हणजे काही बिघडतंय का? नणंद म्हणते, हे अर्धवट सोड आणि इगतपुरीला १० दिवसांच्या विपश्यनेला, म्हणजे मौनातल्या ध्यान शिबिराला, जा. जाऊ का?

रानजाई:

ताई, मी समुपदेशनाचं काम करते. तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका.

आधी संशोधनाचं. २०११ च्या अभ्यासात वर्ग केलेले लोक होते १६, न केलेले १७. एवढ्याशा संख्येत योगायोगही ठळक दिसतो. २०२२ च्या अभ्यासात माणसं कितीतरी जास्त, आणि एका गटाला माइंडफुलनेसऐवजी व्यायाम, आहार, संगीत असा तितकाच वेळ देणारा दुसरा कार्यक्रम दिलेला. त्यामुळे माझा भरवसा दुसऱ्यावर जास्त आहे. पण त्यांनी तिथे मोजली ती मेंदूची रचना. मेंदू वागतो कसा, हा प्रश्न वेगळा. पोळी लाटायला शिकलेल्या बाईचा हात मापून काही कळणार नाही, तिला लाटताना बघावं लागेल.

मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डला. धोका वाटला की तो आधी पेटतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्याला आवरतो. या सरावात नजर असते ती या दोघांच्या नात्यावर. त्याच विस्कॉन्सिनच्या गटाला २०१८ मध्ये असं दिसलं होतं की ८ आठवड्यांनंतर भावना चाळवणारी चित्रं बघताना या दोन भागांतला संवाद वाढतो. रचना न बदलताही हे होऊ शकतं.

तुमच्यासाठी खरा कामाचा अभ्यास मात्र २००७ चा वाटतो, कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लीबरमन यांचा. ३० लोकांना एमआरआय यंत्रात रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. कधी त्या भावनेला शब्द निवडायचा, कधी त्या चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव. चेहरे तसेच, पण भावनेला शब्द दिला की अमिग्डलाची हालचाल उतरायची आणि प्रीफ्रंटलचा उजवीकडचा एक भाग जागा व्हायचा. नुसतं नाव देऊन हे व्हायचं नाही. कान गरम झाले, दाढा दाबल्या हे जे तुम्ही टिपताय, ती याच्या अलीकडची पायरी आहे. फक्त शब्द अजून दिलेला नाही. मनातल्या मनात 'राग' म्हणून बघा. शक्य असेल तर तोंडाने म्हणा.

रडण्याने मला तितकी काळजी वाटत नाही. इतकी वर्षं ओरडण्याच्या आवाजाखाली जे दबलं होतं ते आता ऐकू येतंय. स्कूटरची मात्र वाटते. शरीराकडे लक्ष नेलं की जुनी भीती उसळणं अनेकांना होतं, आणि त्यात 'येऊ द्या' एवढं पुरत नाही. डोळे उघडे ठेवा. ४५ ऐवजी १५ मिनिटं करा. खांदे सध्या वगळा, तळपायांवर राहा, फरशीचा गारवा जाणवू द्या. धडधड वाढली तर उठून बसा, त्यात सराव मोडत नाही. शिकवणाऱ्यांना वर्गाबाहेर एकटं गाठून हे पुन्हा सांगा. आणि वडिलांबद्दल समोरासमोर बसून कुणा तज्ज्ञाशी बोलाच. पटकन कुणी मिळालं नाही तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

घाटमाथा:

इगतपुरीला दोनदा जाऊन आलोय, तिथली विपश्यना ज्यांच्या पद्धतीची, त्या गोएंका गुरुजींवर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच सांगतो. आत्ता जाऊ नका. पहाटे ४ ला उठायचं, दिवसाचे सुमारे १० तास बैठक, आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणं नाही की खुणा नाहीत. पहिले तीन दिवस आनापान, नुसत्या श्वासावर. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, आणि मग तुमचा बॉडी स्कॅन चालतो तसंच लक्ष अंगभर फिरवायचं, तेही दिवसभर. मला चौथ्या दिवशी संध्याकाळी वडिलांच्या आजारपणाचे दिवस दिसायला लागले होते. सहायक आचार्यांशी बोलता येतं, पण घरचं माणूस जवळ नसतं. त्यांच्या अर्जातसुद्धा मनाच्या त्रासाबद्दल विचारतात. तुमची स्कूटर थोडी शांत होऊ द्या. केंद्र कुठे पळून जात नाही.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. रानजाईताई, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. बाबांचं एवढं सगळं त्याला पंधरा वर्षांत सांगितलं नव्हतं.

आठ दिवस झाले. सराव १५ मिनिटांचा, डोळे उघडे, तळपायांवर. धडधड एकदाच झाली, उठून बसले आणि पाणी प्यायले. शिकवणाऱ्यांना मेसेज केला, त्यांनी रविवारी फोनवर बोलू असं कळवलंय. एका समुपदेशक बाईंची पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे.

बुधवारी पुन्हा डबा भरलेला आला. या वेळी दोडका. मी डबा हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले. कान गरम. मोठ्याने म्हणाले, "मला राग आलाय." आवाज चढलेलाच होता. लेक फ्रिजपाशी होता, खांदे वर गेले. मी आणखी एकदा म्हणाले, जरा हळू, "आई रागावली आहे. डबा ठेवते आणि दोन मिनिटं गॅलरीत जाते." परत आले तेव्हा त्याने दोडका बाजूला काढून डबा घासायला घेतला होता. खांदे खाली होते की नाही, पाठमोरा होता, नीट दिसलं नाही.

रात्री त्याने विचारलं, "तू राग आल्यावर रोज असं सांगणार का?" मी हो म्हणाले. तो काही बोलला नाही.

आता एकच विचारायचं आहे. १३ वर्षांच्या मुलासमोर असं मोठ्याने सांगणं बरं, की माझ्या रागाचं ओझं त्याच्यावर टाकणं होतं? ज्यांची मुलं या वयातून गेली आहेत त्यांनी जरूर लिहा.