गेटर-सेटर लिहिले म्हणजे एन्कॅप्सुलेशन झालं म्हणे

टिळकवाडीचा कीबोर्ड: सकाळी एकानं इथं टाकलं, 'फील्ड पब्लिक ठेवणारे अडाणी, प्रत्येकाला गेटर-सेटर पाहिजेच'. म्हणजे क्लासमधली माहिती (फील्ड) सगळ्यांना उघडी ठेवायची नाही, प्रायव्हेट करून लपवायची, वाचायला गेटर आणि बदलायला सेटर अशा मेथड लिहायच्या, की झालं म्हणे एन्कॅप्सुलेशन. बरं, मी अडाणी. पण माझ्याकडं जो जावाचा प्रोजेक्ट आलाय त्यात एका क्लासला चाळीस फील्ड आणि ऐंशी मेथड, एकीतही तपासणी नाही, वजन उणे पाच दिलं तरी सेटर गुपचूप ठेवून घेतंय. मग प्रायव्हेट लिहायचं नाटक कशाला?

उद्यमबागवाला: तुम्हाला झळ बसली नाही म्हणून बोलताय. 2014 ला इथल्या एका फाउंड्रीचं बिलिंग माझ्याकडं होतं, शहराचं फील्ड पब्लिक आणि सदतीस ठिकाणी थेट वाचलेलं. 1 नोव्हेंबरला बेळगावचं नाव बेळगावी झालं आणि मी रात्रभर शोधत बसलो. गेटर असता तर एका ओळीत काम होतं.

निपाणीकर: बेळगावी काय, बेळगाव म्हणा की! सरकारनं सेट केलं तरी आमचं गेट बेळगावच देतंय.

शहापूरची सून: आमचे कन्नड शेजारी आधीपासून बेळगावीच म्हणतात, त्यांनी कुठं तुमचं तोंड धरलं?

निपाणीकर: तोंड नाही ओ, पाटी धरली. दुकानाच्या पाटीसाठी माझ्या मामानं किती हेलपाटे घातले ते मला विचारा.

उद्यमबागवाला: मर्दा, इथं कोडचं चाललंय, पाटीचा वेगळा धागा काढ!

शहापूरची सून: कोडचंच बोलते मग. उद्यमबागवाले, गेटरमधे नाव बदललं असतं तर ऑक्टोबरचं बिल परत छापताना त्यावरही बेळगावी आलं असतं. तेव्हाचं नाव तेव्हाच्या बिलातच साठवायचं असतंय. चूक डिझाइनची, गेटरला कशाला देव्हाऱ्यात बसवताय?

उद्यमबागवाला: ...तसंच झालं होतं दुसऱ्या एका क्लायंटकडं. ऑडिटरनं लई झापलं. हां, तुमचं बरोबर, पेढे वाटू काय? पण सी शार्पमधे आज पब्लिक फील्ड ठेवून उद्या त्याची प्रॉपर्टी (बाहेरून फील्डसारखी, आतून गेटर-सेटर) केली तर ती लायब्ररी वापरणारं सगळं परत कंपाइल करावं लागतंय, त्याचं काय? म्हणून आधीच प्रॉपर्टी करायची. 2007 पासून गेट, सेट एवढंच लिहिलं की भागतंय, बोटं झिजत नाहीत.

टिळकवाडीचा कीबोर्ड: पायथनमधे साधं ॲट्रिब्यूट (म्हणजे उघडं फील्डच) ठेवा, लागेल तेव्हा प्रॉपर्टी करा, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दुखणं जावाचं आणि औषध सगळ्या गावाला.

शहापूरची सून: जावातही 2021 ला आवृत्ती 16 मधे रेकॉर्ड, म्हणजे नुसती माहिती ठेवायचे आटोपशीर क्लास, पक्के झाले की. सेटर नाहीच, आणि वाचायच्या मेथडला गेट पण लावायचं नाही.

टिळकवाडीचा कीबोर्ड: मान्य बाई, रेकॉर्ड चांगलेच आहेत. फक्त आमच्या क्लायंटकडं अजून जावा 8 आहे. तेही 2014 चंच, बेळगावीच्या वर्षाचं.