मदत हवी आहे: कॉलेजच्या क्विझबोलची तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक चार वर्षं हायस्कूलच्या क्विझबोल संघात खेळली, आता कॉलेजला जाईल.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी: चौघांचा संघ, हातात बझर. प्रश्न अवघड धाग्यापासून सुरू होऊन सोप्याकडे उतरतो, म्हणजे विषय मुरलेला असेल तोच आधी बझर दाबतो. एनएक्यूटी या स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या नियमांत लवकर उत्तर दिलं तर १५ गुण, नंतर १०, आणि प्रश्न मध्येच तोडून चुकलं तर उणे ५.

तिचा हातखंडा इतिहासात. मराठेशाहीचा प्रश्न असेल तर ‘पानिपत’ शब्द येण्याआधीच तिचा बझर वाजतो! पण कॉलेजचे जुने प्रश्नसंच वाचले आणि पोर खचली. अर्धी उत्तरं ऐकलेलीसुद्धा नाहीत म्हणते. मला फार वाईट वाटलं.

तुमची मुलं दोन्हीकडे खेळली असतील तर कृपया सांगा. सुरुवात नवख्यांना सोप्या असलेल्या एसीएफ फॉल या कॉलेज स्पर्धेपासून करावी का? इतिहासच पक्का करावा की विज्ञान, साहित्यही धरावं? आणि इंजिनिअरिंगच्या अभ्यासासोबत शनिवारच्या दिवसभराच्या स्पर्धा झेपतात का?