पेपरमागे रोख बक्षीस: इंजिनिअरिंग कॉलेजांनी बंद करावं का?

जुना मास्तर
सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालोय. जर्नलमध्ये छापून आलेल्या संशोधन-पेपरमागे प्राध्यापकाला रोख पैसे देणं बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एनआयआरएफ या सरकारी कॉलेज-रँकिंगमध्ये इंजिनिअरिंगला १०० पैकी ३० गुण संशोधनाचे. त्यासाठी मॅनेजमेंट प्रत्येक विभागाला पेपरांचा आकडा देतं आणि विभागप्रमुख तो माणशी वाटून टाकतात. मग पेपरवर सहा-सात नावं, इंटरनेटवरून उतरवलेला डेटा आणि वर मशीन लर्निंगचा मुलामा. अक्कलकोट रोड एमआयडीसी रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथल्या टॉवेल कारखान्यांच्या रंगीत पाण्याकडे किती जण वळतात?

पेटंटचं तर बोलायलाच नको. अर्ज केला की १८ महिन्यांनी तो प्रकाशित होतोच, जादा फी भरून लवकर प्रकाशनाचा फॉर्म ९ दिला तर त्याआधी. प्रकाशित म्हणजे मंजूर नव्हे, तपासणी पुढेच असते. पण गेटवर फ्लेक्स लागतो आणि रँकिंगमध्ये प्रकाशितलाही गुण मिळतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना फीत ८० टक्के सवलत, म्हणजे हौस स्वस्तात भागते.

लेक्चर_ते_लेक्चर
नमस्कार सर. मी अजून नोकरीत आहे, म्हणून जरा तिखट लिहिते. आठवड्याला १६ तास शिकवणं नियमातलं. त्यावर एनबीएच्या, म्हणजे अभ्यासक्रमाच्या मानांकनाच्या फायली, उत्तरपत्रिका तपासणी, आणि ॲडमिशनच्या दिवसांत बारावीच्या पालकांना फोन. पगार कधी होईल याची खात्री सगळीकडे नसते.

बक्षीस बंद केलंत तरी असोसिएट प्रोफेसर होताना पीएच.डी. आणि पेपर लागणारच, तो एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचा नियम आहे. म्हणजे सक्ती तशीच राहणार आणि छपाईचा खर्च माझ्या खिशातून जाणार. यात सुधारणा कुठे झाली?

टॉवेलवाला
माझं बी थोडं ऐका की. दरवर्षी पोरं येतात, 'इंडस्ट्री प्रोजेक्ट' म्हणून पत्रावर शिक्का मारून घेतात आणि गायब. मास्तर तर कारखान्यात पाय पण टाकत नाहीत.

एकदा मात्र दोन पोरं खरंच राबली. आमच्या जुन्या मागावर ताण्याचा धागा तुटला की कामगाराचं लक्ष जाईपर्यंत टॉवेलात उभी रेघ पडत जाते, माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम म्हणून निघतो. पोरांनी सेन्सर बसवला, धागा तुटला की माग बंद. पण कापसाच्या फुलोऱ्यानं, म्हणजे उडणाऱ्या तंतूंनी, सेन्सरचा डोळाच झाकायचा. मग त्यांनी कॉम्प्रेसरची बारीक नळी जोडून मधूनमधून फुंकर मारायची सोय केली. जरा जमत आलं होतं, तेवढ्यात परीक्षा आली. पोरं पुण्याला नोकरीला गेली. त्यांच्या सरांना फोन केला तर म्हणाले, यावर पेपर होत नाही.

पीएचडी_चालू
टॉवेलवाले साहेब, राग मानू नका, पण चालू सेन्सर बसवून देणं हे मेकॅनिकचं काम आहे. विद्यापीठ म्हणजे वर्कशॉप नव्हे.

आणि मास्तर, आकडे काढून टाकल्यावर प्रमोशन कशावर देणार? संस्थेच्या संचालकांच्या मेहुण्याला? पेपर मोजणं वाईट असेल, पण त्यामुळे माझ्यासारख्या बिनओळखीच्या पोराला हातात काहीतरी दाखवता येतं. तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला तत्त्वं परवडतात.

जुना मास्तर
मेहुण्याचा मुद्दा मान्य. पण मेहुण्यालाही आता पेपर मिळतात, विकत. २०२३ मध्ये जगभरात १०,००० च्या वर छापलेले पेपर जर्नलांनी रद्द करून मागे घेतले, त्यातले ८,००० हून जास्त एकट्या हिंदावी प्रकाशनाचे. एनआयआरएफनंही २०२५ मध्ये मागे घेतलेल्या पेपरांसाठी गुण कापायला सुरुवात केली. त्याच वर्षी यूजीसीनं मान्य जर्नलांची केअर यादी गुंडाळली आणि जर्नल पारखण्याचं काम संस्थांवर टाकलं. आता पारखणार कोण? ज्यांना आकडा वाढवायचाय तेच!

मी पैसे संपवा म्हणत नाही, वळवा म्हणतोय. ज्याचं काम खरंच चालू आहे त्याच्या प्रॅक्टिकलच्या दोन बॅच कमी करा.

लेक्चर_ते_लेक्चर
त्या बॅच घेणार कोण सर? शेजारच्या टेबलावरच्या मॅडम. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावर कुणी आणायचं तर मॅनेजमेंटला ते पेपरच्या बक्षिसापेक्षा महाग पडतं. म्हणून तर बक्षीस देतात. आधी माणसं भरा, मग खुशाल बक्षीस काढा.

बाकी पीएचडीवाले, फुलोरा किती साचला की सेन्सर चुकतो आणि किती दाबाची हवा किती वेळानं मारावी, हे कुणी नीट मोजलं तर ते संशोधनच आहे. त्यावर पेपरही होईल. त्या सरांना कष्ट नको होते इतकंच.

पीएचडी_चालू
होईल, पण वर्ष जाईल. तेवढ्यात शेजारचा माणूस लॅपटॉपवर बसून चार टाकेल आणि माझ्या पुढे जाईल. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

टॉवेलवाला
मोजायला येणार असाल तर दोन माग देतो. दिवाळीचा माल निघाल्यावर या. शिक्का मात्र शेवटी, माग आपोआप थांबलेला मी बघितल्यावर.