गच्चीवरील मांडव आणि जिन्याचा कठडा: भरीव चौकोनी सळई की पोकळ चौकोनी पाइप?

वेलवाले, गंगापूर रोड:
आमच्या गच्चीवर १० × १२ फुटांचा द्राक्षवेलीचा मांडव आणि जिन्याला लोखंडी कठडा करावयाचा आहे. पंचवटीतील आजोळच्या वाड्यात खिडक्यांना भरीव चौकोनी गज आहेत. ते सपाट बाजूने नव्हे, तर धार बाहेर येईल असे बसवलेले असून आजवर एकही वाकलेला नाही. म्हणून सगळे काम भरीव सळईतच व्हावे, असा वडिलांचा आग्रह आहे. फॅब्रिकेटर मात्र पोकळ पाइप सुचवतात. कठड्याच्या गजांना पीळही हवा आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

निवृत्त अभियंता, सातपूर:
वडिलांचे म्हणणे गजांपुरते बरोबर आहे, मांडवापुरते नाही. १२ मिमीच्या भरीव चौकोनी सळईचे वजन मीटरला सुमारे १.१३ किलो भरते आणि २५ × २५ मिमीच्या, १.६ मिमी जाडीच्या पाइपचे सुमारे १.१८ किलो, म्हणजे लोखंड जवळजवळ तेवढेच लागते, परंतु ते मध्यापासून दूर गेल्यामुळे पाइप वाकण्यास सुमारे आठपट अधिक विरोध करतो. त्यामुळे दहा फुटांच्या आडव्या दांड्यांसाठी ४० × ४० × २ मिमीचा पाइप घ्यावा. वाड्यातील गज आखूड असतात, दोन्ही टोकांना चौकटीत घट्ट बसलेले असतात, आणि त्यांचे काम माणूस अडवण्याचे असते, छप्पर पेलण्याचे नव्हे.

पीळ मात्र भरीव सळईलाच द्यावा, कारण साधा पाइप पिळताना चेपतो. असा पीळ केवळ शोभेचा नसतो: काँक्रीटची पकड वाढावी म्हणून अमेरिकेत अर्नेस्ट रॅन्सम यांनी थंड अवस्थेत पिळलेल्या चौकोनी सळईचे पेटंट १८८४ साली घेतले होते. दोन गजांमधील मोकळी जागा दहा सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवावी. घरात लहान मूल असल्यास हे विसरू नये.

फॅब्रिकेशनवाला, अंबड:
वरील सल्ल्याशी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. पाइप घेताना जाडी केवळ विचारून घेऊ नका, वजन करून घ्या. ४० × ४० × २ मिमीचा सहा मीटरचा नग साधारण १४ किलो भरतो. साडेअकराच्या आसपास भरला, तर तो १.६ मिमीचा समजावा. दुसरे म्हणजे, पाइपची उघडी टोके पत्र्याने पूर्ण वेल्ड करून बंद करावीत. पावसाचे पाणी आत साचले की बाहेरचा रंग तसाच राहतो आणि पाइप आतून गंजतो; असे खांब मी पायथ्याशी बोटाने दाबून फोडलेले आहेत.

वेलवाले, गंगापूर रोड:
मनःपूर्वक आभार. वेलीवर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना यांचे बुरशीनाशक) फवारावे लागेल. त्याने लोखंडास अपाय होईल का?

फॅब्रिकेशनवाला, अंबड:
चुना कमी पडला तर निश्चित होईल. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बागायतदार हेच तपासतात: त्यावर तांबूस थर चढला, तर चुना वाढवावा. शिवाय जोडावर आधी रेड ऑक्साइड आणि त्यावर दोन हात ऑइल पेंट द्यावा. गॅल्वनाइज्ड पाइप घेतलात, तरी वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो. तेथे जस्तयुक्त प्रायमर लावून घ्यावा.