कॅनव्हास नको, स्वेड घ्या

तुमच्या मुलाचे स्केटबोर्डिंगचे कॅनव्हासचे बूट तीन आठवड्यांत करंगळीजवळ फाटले, असं लिहिलंत. आमच्या टिळकवाडीतल्या पोरांचंही तेच झालं. दोष बुटाचा कमी, बोर्डावरच्या ग्रिप टेपचा जास्त. ती सँडपेपरसारखीच असते. ऑली मारताना, म्हणजे बोर्डासकट उडी घेताना, पुढच्या पायाची बाहेरची कड दरवेळी तिच्यावर घासते. म्हणून स्वेडच, म्हणजे मऊ लवदार कातडंच घ्या, आणि त्या जागी शिवण कमीत कमी असलेला जोड बघा. आधी दोरा तुटतो, मग कातडं सुटतं.

आरामाचं म्हणाल तर दुकानात दोन पावलं चालून काही कळत नाही. पायरीवरून दहा-बारा उड्या मारायला लावा आणि टाच दुखते का विचारा. व्हल्कनाइज्ड तळ, म्हणजे बुटाला चिकटवून उष्णतेने पक्का केलेला रबरी तळ, पातळ, त्यातून बोर्ड छान जाणवतो, पण धक्का पायाला बसतो. कपसोल, म्हणजे बुटाला वाटीसारखा धरणारा तळ, जाड, पायऱ्यांवरून उडणाऱ्याला तोच बरा, सुरुवातीला कडक वाटला तरी.

आणि बेळगावच्या पावसात भिजलेलं स्वेड उन्हात वाळवू नका, कडक होतं. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा. भोक पडायची वाट न बघता घासलेल्या जागी कातड्याचा पातळ तुकडा चिकटवा. अथणीला चपला करणाऱ्यांकडे असे तुकडे सहज मिळतात.